वृद्धाश्रमातील ग्लानसेवा

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. बाळंतपण, अपेंडिक्स, सलाइनच्या बाटल्या आणि चार दिवसांनी बिल चुकते करून घरी. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हाच शब्द वृद्धांच्या कायमच्या निवासासाठी वापरतात. तेथे गेलेला मनुष्य बहुधा तेथूनच जगाचा निरोप घेतो. महाराष्ट्रात त्या निवासाला वृद्धाश्रम म्हणतात. शब्दांचा हा गोंधळ वरवरचा नाही. नर्सिंग होम बरे होण्यासाठी, वृद्धाश्रम राहण्यासाठी; पण जो बरा होणार नाही आणि ज्याचे राहणेही आता थोड्याच दिवसांचे आहे, त्याने कोठे असावे, याची सोय व्यवहारात कोणीच नेमून ठेवलेली नाही.

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात हा प्रश्न दरवर्षी अधिक ठळक होत आहे. सावित्रीच्या काठची महाडची पेठ जुनी. घाटमाथ्यावरून उतरणारा आणि खाडीतून येणारा माल येथे एकत्र होई. कापड, किराणा, भांडी, सोने-चांदी अशा व्यवसायांत जैन कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या येथे रुजल्या. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील तरुण गिरण्यांच्या काळापासून मुंबईला गेले. पेठेतील व्यापाऱ्यांची मुले अलीकडे पुण्या-मुंबईला, काही परदेशी. दोन्हीकडे मागे उरले ते वडीलधारे. त्यांतील काही मुलांकडे जातात, काही दुकानाच्या वरच्या माळ्यावर एकटे राहतात, आणि काही, बोलण्यात जरा आडपडदा ठेवून का होईना, वृद्धाश्रमात जातात. वृद्धाश्रमात वडिलांना ठेवणे हे समाजात अजूनही कुजबुजीनेच बोलले जाते. ती कुजबुज थांबेल तेव्हा थांबेल. तोवर तेथे राहणाऱ्यांच्या अखेरच्या महिन्यांचा विचार तरी मोकळेपणाने व्हायला हरकत नाही.

आज हे महिने कसे जातात, ते सर्वांना ठाऊक आहे. पंचाऐंशीच्या घरातील एक वृद्ध, हृदय थकलेले, मूत्रपिंडे निम्मी निकामी, स्मरण पुसट. एका रात्री दम लागतो. आश्रमाचा व्यवस्थापक मुलाला फोन लावतो. मुलगा म्हणतो, “काय लागेल ते करा, पैशांची काळजी करू नका.” रुग्णवाहिका येते. आधी महाड, तेथून पुढे माणगाव, मग पनवेल किंवा थेट मुंबई. महाड ते मुंबई सुमारे 170 किलोमीटर. जिल्ह्याचे ठिकाण अलिबागही शंभर किलोमीटरांपलीकडे. कोणी उलट दिशेने कशेडी घाट ओलांडून चिपळूणपलीकडच्या डेरवणच्या रुग्णालयाकडे जातात. आठ दिवस अतिदक्षता विभाग, नळ्या, काचेपलीकडून दर्शन. रुग्ण वाचला तर तसाच आश्रमात परत, आणि महिन्याभराने पुन्हा तीच फेरी. नाही वाचला तर शेवटचे शब्द कोणाच्या कानी पडले, हे कोणालाच सांगता येत नाही. मुलाचे प्रेम खोटे नसते. पैशांची काळजी करू नका, हे वाक्य व्यापारी घरात प्रेमाचेच असते. फक्त त्या क्षणी वडिलांना काय हवे होते, हे कोणी आधी विचारलेले नसते.

जगात या अवस्थेसाठी एक वेगळी व्यवस्था अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालू आहे. सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या बाईंनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्यांचे म्हणणे साधे होते: मरणाऱ्या माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते, तीत मनाची भीती, नात्यांतील गाठी, पैशांची विवंचना आणि श्रद्धेचे प्रश्न मिसळलेले असतात, आणि उपचार या सगळ्यांवर हवेत. आजार बरा करण्याचा आग्रह जेथे संपतो तेथून त्रास कमी करण्याचे काम पूर्ण जोमाने सुरू व्हावे, असा या सेवेचा गाभा. तिला वैद्यकात उपशामक सेवा म्हणतात. अमेरिकेत 1982 च्या कायद्याने सरकारी विमा योजनेतून हॉस्पिसचा खर्च मिळू लागला. तेथे सहा महिन्यांहून अधिक आयुष्य उरले नसावे असे डॉक्टरांनी लिहून दिले की परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक यांचा चमू रुग्णाच्या मुक्कामी येतो. तो मुक्काम वृद्धनिवास असला तरी. रुग्णाला हलवायचे नाही, सेवेने रुग्णाकडे जायचे, ही त्यातील शिकण्याजोगी गोष्ट.

भारतातले पहिले हॉस्पिस महाराष्ट्रातच उभे राहिले. मुंबईत वांद्रे येथे डॉ. लुइस डिसोझा यांनी 1986 साली शांती आवेदना ही संस्था सुरू केली. पुढे तिची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारजे येथे 1997 पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र आहे. टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र तर रायगड जिल्ह्याच्याच हद्दीत येते. या संस्थांचा भर प्रामुख्याने कर्करोगावर राहिला आहे. वृद्धाश्रमातील बहुसंख्य माणसे मात्र कर्करोगाने जात नाहीत. थकलेले हृदय, फुप्फुसांचा जुना विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा रेंगाळणाऱ्या आजारांनी ती हळूहळू विझतात आणि म्हणून कोणाच्याच यादीत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगात सुमारे 5 कोटी 70 लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते. ती मिळते जेमतेम 14 टक्क्यांना. महाडच्या पलीकडच्या एखाद्या वाडीत हा टक्का किती असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे सारे परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे मानणाऱ्यांनी एकदा शिवार्यांची भगवती आराधना उघडून पाहावी. शौरसेनी प्राकृतातील हा प्राचीन ग्रंथ समाधिमरणाचा जणू कार्यपद्धतीचा ग्रंथ आहे. सल्लेखना स्वीकारलेल्या साधकाला त्यात क्षपक म्हटले आहे आणि त्याची सेवा करणाऱ्या मुनींना निर्यापक. एका क्षपकासाठी अठ्ठेचाळीस निर्यापक सांगितले आहेत, आणि ते नुसते गोळा केलेले नाहीत. चार-चारांच्या तुकड्यांत कामे वाटून दिली आहेत. चौघांनी त्याला उठवावे, बसवावे, कुशीवर वळवावे. चौघांनी धर्मकथा सांगावी. चौघांनी आहाराची, चौघांनी पेयाची व्यवस्था पाहावी. चौघांनी मलमूत्र उचलावे आणि अंथरूण-जागा स्वच्छ ठेवावी. चौघांनी दारावर थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवावे. चौघांनी रात्री जागावे. आजच्या कोणत्याही चांगल्या हॉस्पिसच्या कामाची वाटणी याहून फार वेगळी नसते. लंडनच्या पुष्कळ आधी, हिशेबाच्या वहीसारखी आखलेली ही व्यवस्था जैनांच्या घरात होती.

त्या ग्रंथातील आणखी एक सूचना याहूनही मोलाची. काळ कठीण असेल, इतके मुनी मिळत नसतील, तर संख्या कमी करत आणता येते. मात्र दोनच्या खाली जाता येत नाही. एकटा निर्यापक चालत नाही. तो आहाराला गेला तर क्षपक एकटा पडतो. तो न जाता बसून राहिला तर त्याचे स्वतःचे शरीर आणि साधना दोन्ही खचतात. सेवा करणाऱ्यालाही भूक आहे, झोप आहे, हे ज्या आचार्यांनी लिहून ठेवले त्यांचे व्यवहारज्ञान थोर म्हटले पाहिजे. आता एखाद्या आश्रमातील रात्र डोळ्यांपुढे आणावी. पंधरा-वीस वृद्ध, त्यांतील चार-पाच अंथरुणाला खिळलेले, आणि रात्रपाळीला एकच मावशी. दोन जणांना कूस बदलून देईपर्यंत तिसऱ्याचे अंथरूण ओले होते. तिच्या कामात चूक काढणे सोपे आहे. तिला जोडीदारीण देण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा खरा मुद्दा.

तत्त्वार्थसूत्रात अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य सांगितले आहे, आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांत ग्लान, म्हणजे रोगाने खचलेला, हा स्वतंत्र गणला आहे. श्वेतांबर परंपरेतही ग्लानसेवेला फार वरचे स्थान आहे. हे मूळ विधान साधूंसाठी असले, तरी श्रावकाने त्याचा अर्थ उपाश्रयाच्या उंबरठ्यापाशी संपवण्याचे कारण नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हॉस्पिस म्हणजे संथारा नव्हे, आणि संथारा म्हणजे उपचार सोडून दिलेला रुग्ण नव्हे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग मोजून सांगितले: निवारण न होणारा उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग. शिवाय तो जाणीवपूर्वक, गुरूंच्या साक्षीने आणि कषाय क्षीण करीत केलेला निर्णय. 1955 साली कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी छत्तीस दिवसांची सल्लेखना केली, ती दृष्टी मंदावल्याने अहिंसेची चर्या निर्दोष पाळता येणार नाही या जाणिवेतून. ऑगस्ट 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसवले, देशभर समाज रस्त्यावर उतरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, हे वाचकांच्या स्मरणात आहे. संथाऱ्याच्या हक्कासाठी हजारोंनी निघालेल्या त्या मोर्चांतील किती जणांनी पुढे एखाद्या वृद्धाश्रमाची पायरी चढली, हा हिशेब कोणी ठेवलेला नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला संथाऱ्याचा संकल्प करता येत नाही, आणि त्याच्या वतीने मुलानेही तो करायचा नसतो. त्याला हवी असते ती सेवा. म्हणून हा विषय व्रताच्या आधीचा आणि व्रताहून अधिक माणसांचा आहे.

तरीही दोन्हींत एक सूक्ष्म साम्य आहे. सल्लेखनेचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत जगण्याची लालसा हा पहिला आणि मरणाची इच्छा हा दुसरा. मरण लवकर यावे असे वाटणे हाही दोषच. उपशामक सेवेच्या व्याख्येतही हेच दोन अंश आहेत: मृत्यू लवकर आणायचा नाही आणि ओढूनताणून लांबवायचाही नाही. या सेवेने आयुष्य कमी होते ही भीती अनाठायी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगाच्या 151 रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळालेले रुग्ण सरासरी 11.6 महिने जगले, न मिळालेले 8.9 महिने, आणि ज्यांना ती मिळाली त्यांच्यावर शेवटी कठोर उपचारांचा मारा कमी झाला होता.

वेदनेविषयी थोडे सविस्तर. तीव्र वेदनेवर, आणि अखेरच्या काळातील धाप कमी करण्यावरही, मॉर्फिन हे प्रमुख औषध आहे. गोळी साधी आणि स्वस्त आहे. परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती वेदना असह्य झाल्यावर न देता घड्याळाप्रमाणे द्यायची असते. बद्धकोष्ठ हमखास होतो, त्यामुळे सोबत सारक औषध लागतेच. योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने श्वास थांबत नाही आणि वेदनेसाठी घेणारा रुग्ण सहसा व्यसनी होत नाही. तरीही हे औषध मिळणे दुर्घट, कारण 1985 च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्यांचे जाळे इतके घट्ट विणले की औषध दुकानदारांनी ते ठेवणेच सोडले. 2014 साली कायदा दुरुस्त झाला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येते. वृद्धाश्रमाला स्वतःचा साठा करता येत नाही, पण एखाद्या रुग्णाच्या नावे प्रशिक्षित डॉक्टरने लिहून दिलेले औषध त्याच्यासाठी नोंद करून कुलपात ठेवता येते. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते तिची सरकारी परवान्याने होणारी शेती नीमच, मंदसौर, चितोडगड या भागांत आहे. महाडच्या पेठेतील काही वाचकांचे सगेसोयरे आजही तिकडे असतील. तेथली अफू परदेशी औषधकारखान्यांना जाते आणि पोलादपूरच्या वृद्धाला वेदनेसाठी साधी तापाची गोळी मिळते, हा व्यापाराचा कोणता न्याय?

काही घरांत आणखी एक संकोच असतो: नशेचा पदार्थ व्रतभंग करील का? सेवन नशेसाठी आहे की आर्तध्यान टाळण्यासाठी, हा भेद गुरुभगवंतांना विचारून ठेवावा, आणि वेळ आल्यावर नव्हे, आधी. वेदनेने तळमळणाऱ्याला नवकारही सुचत नाही, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे ते जाणतात. असाच एक लहानसा तपशील: पुष्कळ औषधांची कॅप्सूल जिलेटिनची, म्हणजे प्राणिजन्य असते. डॉक्टरांना सांगितले तर बहुतेक वेळा गोळी किंवा पातळ औषधाचा पर्याय निघतो. चौविहार पाळणाऱ्या वृद्धाच्या रात्रीच्या औषधाचे काय करायचे, उकळलेले पाणी कोण देणार, कंदमूळ नसलेले ताट रोज मिळेल का, सामायिकाच्या वेळी दूरचित्रवाणीचा आवाज कमी होईल का; आश्रमात प्रवेश घेतानाच या गोष्टी कागदावर लिहून दिल्या पाहिजेत. पुढे बोलता येईनासे झाल्यावर त्या सांगणारे तेथे कोणी नसते.

सर्वांत कठीण प्रसंग आहाराचा. मराठी काय, गुजराती काय, मारवाडी काय, ‘काही खाल्ले का?’ हेच या घरांतील मायेचे पहिले वाक्य. म्हणून वडिलांनी तोंड फिरवले की मुलांचा जीव कासावीस होतो. वास्तविक मरणाजवळ आलेल्या शरीराची भूक आणि तहान आपोआप मंदावते. अन्न पचवण्याची ताकद त्याला उरलेली नसते. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत उतरला तर न्युमोनिया होतो. नाकातून नळी घालणे हा त्यावर उपाय वाटतो, पण पुढच्या टप्प्यातील स्मृतिभ्रंशात अशी नळी न घालता हाताने, सावकाश, मागेल तेवढेच भरवावे, असे अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे स्पष्ट मत आहे. नळीने आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळालेला नाही, आणि हात बांधून ठेवण्याची पाळी मात्र येते. शेवटच्या दिवसांत सलाइन चढवल्याने कधी कधी छातीत पाणी साठून घरघर वाढते. अशा वेळी ओल्या कापसाने ओठ पुसणे, जीभ स्वच्छ ठेवणे, ओठांना थोडे तूप लावणे याने जेवढे समाधान मिळते तेवढे बाटलीने मिळत नाही. घशातील घरघर ऐकून नातेवाईक घाबरतात. रुग्णाला कुशीवर वळवले तर ती बहुधा कमी होते, आणि ती नातलगांना जेवढी छळते तेवढी रुग्णाला छळत नाही.

कुशीवर वळवणे हे शब्द वर दोनदा आले, ते काही उगाच नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात, आणि त्या एकदा चिघळल्या की वेदनाच वेदना. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग 1973 पासून मे 2015 पर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, अंथरुणाला खिळून होत्या. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेथील परिचारिकांच्या सेवेची मनापासून प्रशंसा केली. पिढ्या बदलल्या, परिचारिका निवृत्त झाल्या, पण कूस बदलणे थांबले नाही. एका सरकारी वॉर्डात हे जमते, तर बारा खाटांच्या आश्रमात जमू नये असे नाही. हवेची गादी काही हजारांत मिळते. हात मात्र माणसाचेच लागतात.

कागदपत्रांकडे व्यापारी कुटुंबांनी तरी दुर्लक्ष करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी पूर्वसूचनापत्राला, म्हणजे आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधी लिहून ठेवण्याच्या हक्काला, मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची रीत सोपी केली. शुद्धीवर असलेल्या प्रौढ व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष ते लिहावे, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करावे, आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नाव त्यात घालावे. मन बदलले तर ते केव्हाही रद्द करता येते. मृत्युपत्र, म्हणजे मालमत्तेचे, बहुतेक पेढ्यांवर तयार असते. शरीराचे पत्र क्वचित. व्हेंटिलेटर एकदा लागला की तो काढण्याचा निर्णय दोन वैद्यकीय मंडळांपुढे जातो. म्हणजे खरा निर्णय रुग्णवाहिकेत बसण्यापूर्वीच व्हायला हवा असतो. आणि मुले तीन गावी असतील तर त्यांचे एकमत आधी झालेले बरे. आठ वर्षे न फिरकलेला मुलगा शेवटच्या दिवशी सर्वांत मोठ्या रुग्णालयाचा आग्रह धरतो, हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव.

व्यवस्थापकांचीही बाजू आहे. आश्रमात मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, पोलीस चौकशी लागेल का, नातेवाईक हलगर्जीचा आरोप करतील का, या भीतीने ते अखेरच्या घटकेला रुग्ण बाहेर काढतात. नियमित भेट देणारा डॉक्टर असेल, आजार नोंदलेला असेल आणि कुटुंबाची लेखी संमती असेल, तर ही भीती उरत नाही. तो डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देतो आणि 21 दिवसांच्या आत नोंद होते.

पैशांचे बोलायचे तर समाजाची दानशीलता वादातीत आहे. 1834 साली मुंबईत भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली, ती जमशेटजी जिजिभाई आणि अमीचंद शहा यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या पैशांतून. लंगडी गाय, आंधळा बैल, कामातून गेलेले घोडे. यांच्याकडून काही मिळण्याची आशा नाही, आणि तरी ते नैसर्गिकपणे मरेपर्यंत त्यांना चारा, पाणी, सावली द्यायची. जनावरांसाठीचे हॉस्पिस याहून वेगळे काय असते? ही दृष्टी ज्या समाजाच्या रक्तात आहे त्याने वृद्ध माणसांसाठी मात्र संगमरवरी प्रवेशद्वार, कोनशिला आणि सभागृह बांधावे आणि रात्रपाळीच्या मावशीचा पगार वाऱ्यावर सोडावा, हे विसंगत आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांच्या क्षमतेचा एक तरी वृद्धाश्रम सरकारने काढावा असे सुचवले आहे. पण शब्द ‘काढू शकेल’ असा आहे, त्यामुळे त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

केरळचा मार्ग महाडसारख्या गावाला अधिक जवळचा. कोझिकोड येथे 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक सेवेची संस्था काढली. पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रशिक्षण देऊन घरोघरी सेवा पोचवणारे जाळे विणले गेले, आणि 2008 साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच आखले. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी आठवड्यातून दोन तास देतात. परिचारिका जीपमधून फिरते. औषधांचा खर्च गावातल्या लहान वर्गण्यांतून निघतो. महाडच्या संघाला यासाठी इमारत लागणार नाही. एक प्रशिक्षित परिचारिका, एक वाहन, महिन्यातून काही दिवस येणारा डॉक्टर, आणि देरासराच्या एखाद्या खोलीत उसनी देण्यासाठी ठेवलेल्या हवेच्या गाद्या, वर-खाली होणारी खाट, चाकाची खुर्ची, प्राणवायूचे यंत्र. याने महाड, बिरवाडी, पोलादपूर या टापूतील आश्रम आणि घरे दोन्ही सांभाळता येतील, आणि सेवा जैनांपुरती ठेवण्याचे कारण नाही. कुशीवर वळवणारी मावशी बहुधा जवळच्याच एखाद्या वाडीतली असते, उद्या तिच्याही सासऱ्याला ती लागेल. तरुणांच्या मंडळाने पाळी लावून रविवारी दोन तास बसावे. काही करावे लागतेच असे नाही. स्तवन म्हणावे, वर्तमानपत्र वाचून दाखवावे, जुन्या उधारीच्या गोष्टी ऐकाव्यात. मिच्छामि दुक्कडम् म्हणायचे राहून गेलेले एखादे नाव त्या ऐकण्यातून बाहेर येते, आणि मग त्या माणसाला फोन लावून देणे हे त्या दिवसाचे सर्वांत मोठे औषध ठरते. शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाचे ऐकणे बराच काळ टिकते असे परिचारिका सांगतात, तेव्हा दूरच्या मुलाचा फोन कानाशी धरला तर तो वाया जात नाही.

एक गोष्ट मात्र या मातीचीच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. 22 जुलै 2021 ला महाडची पेठ पाण्याखाली होती, तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे दरडी कोसळल्या. अशा दिवसांत रुग्णवाहिका येत नाही, औषध दुकान उघडत नाही, वीज नसते आणि प्राणवायूचे यंत्र बंद पडते. म्हणून ज्या आश्रमात अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत तेथे जूनच्या पहिल्या आठवड्यातच महिन्याभराची औषधे भरावीत, वीजेशिवाय चालणारा प्राणवायूचा सिलिंडर भरून ठेवावा, खाटा वरच्या मजल्यावर न्याव्यात, कोणाला कोणी उचलायचे त्यांची नावे भिंतीवर लावावीत, आणि पूर्वसूचनापत्र, औषधांची यादी व मुलांचे दूरध्वनी क्रमांक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावेत.